फाटकावरची बादली

२१ जानेवारी २००७, वि. नगर, जयपूर

मंडळाचं हळदीकुंकू आटोपून आत्ताच आले. पाय दुखतायत, नऊवारीचा हट्ट कुणी सांगितला होता! लेलेवहिनींनी यंदा वाण म्हणून प्लास्टिकची वाटी नाही दिली, गाळणी नाही, साबणाची डबीही नाही. कागदाच्या पुडीत तपकिरी भुसा. "हे खताचं विरजण. घरच्या ओल्या कचऱ्याला लावा." बायका एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. एकीने हळूच वास घेतला. मग सगळ्यांनीच घेतला. वास वाईट नाही, ओल्या मातीचा आहे.

ह्यांना दाखवलं तर पेपरमागून म्हणाले, "तुझं खत आधी होतं का बँकेची बदली, बघू."

बोलणं लागलं मला. लग्न झाल्यापासून चार गावं झाली, जमिनीत एक झाड लावलेलं नाही. सगळं कुंड्यांत, आणि ट्रक आला की कुंड्या शेजारी.

२४ जाने.

खत करायचं कशात? माठ बघितला, ड्रम बघितला. शेवटी मागच्या अंगणात आधीच्या भाडेकरूने टाकलेला गंजका कूलर दिसला. तीन बाजूंना जाळ्या, म्हणजे हवा खेळती. खाली पाण्याची टाकी, म्हणजे गळेल ते तिथेच. मी स्वतःवर खूश. मालकांना फोन केला. "कबाड़ है बहनजी, जो मर्ज़ी करो."

मोटर आणि पंखा ह्यांनी काढून दिला. हात काळे झाले म्हणून दोन वेळा चहा घेतला.

२६ जाने.

आज श्रीगणेशा. तळाला वाळलेली पानं, वर मटारची सालं, फुलकोबीचे दांडे, गाजराची टोकं, त्यावर विरजण. मिनू नाक दाबून बघत होती. आठवीत आहे पण शिंग फुटल्यासारखी बोलते. "आई, मतलब आता आपण कचरा पाळणार?"

आणि फाटकावरची हिरवी बादली काढून आत ठेवली.

ती बादली आम्ही इथे आलो त्याच दिवशी समोरच्या कांताभाभींनी बांधून दिली होती. सामान अजून ट्रकात होतं, आणि ह्या डोक्यावर पदर सावरत सांगतायत, "बहनजी, छिलके इसमें डालना. भूरी आएगी." भुरी म्हणजे गल्लीतली गाय. मालकीण धापूबाई, मागच्या रिकाम्या प्लॉटवर तिचा गोठा आहे. सकाळी धार काढायची आणि गाय मोकळी सोडायची, ही इथली रीत. दूध मालकिणीचं, पोट गल्लीचं. मला ते कधीच पटलं नाही. फाटकाशी शेण, सालं उडालेली, माश्या. आता सालं कूलरमध्ये. सुटले.

२ फेब्रु.

भुरी रोज येते. बादली जिथे असायची तिथे तोंड लावते, मग शिंगाने फाटक वाजवते. मी एक पोळी देते. पोळी घेते, तरी उभी राहते. मग माझ्याकडे बघते. मी म्हटलं, "बघतेस काय, मालकिणीकडे जा."

समोरच्या का. भाभी त्यांच्या ओट्यावरून बघत होत्या. भाजीवाल्याच्या गाड्यावर मला गाठलं. "बहनजी, गाय दरवाज़े से खाली जाए, अच्छा नहीं लगता." मी कूलर, विरजण, खत सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "खाद तो गाय भी बनाती है," म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

चिडले. वर भाजीवाला म्हणतो, थैली लो. मी कापडी पिशवी पुढे केली. तरी त्याने कोथिंबीर प्लास्टिकच्या पातळ पन्नीत घालून मगच पिशवीत टाकली! ह्या देशात कुणाला काही नको म्हणायची सोय नाही.

९ फेब्रु.

कूलर वास मारतोय. अळ्या. मिनू मैत्रिणींना मागच्या दाराने येऊ देत नाही. लेलेवहिनींना फोन. "अहो, ओलं जास्त झालंय. सुकं घाला." सध्या कडुनिंबाची पानगळ चालू आहे, रस्ताभर पानं. झाडू आणि पोतं घेऊन गोळा करायला गेले. समोरच्या ओट्यावरच्या बायका हसत होत्या. बँक मॅनेजरची बायको रस्ता झाडतेय! हसोत.

ह्यांनी संध्याकाळी पानं कुस्करून दिली. हे काही बोलत नाहीत तेव्हा मला फार आवडतात.

१५ फेब्रु.

कूलर जमला! सकाळी झाकण काढलं तर वाफ. हात आत घातला तर चक्क गरम. थंड करायच्या यंत्रात इतकी ऊब, मला एकटीलाच हसू आलं. वास गेला. मिनूला हाक मारून दाखवलं, तिनेही बोट घातलं. "आई, हे ज़िंदा आहे."

वापरलेलं पाणी कुंड्यांना, दूध आणायला स्टीलची बरणी, दुकानात कापडी पिशव्या. कचरेवाल्याला आता आमच्याकडून मूठभरच मिळतं. लेलेवहिनींनी मंडळात सांगितलं म्हणे, वि. नगरचं घर बघून या. मान ताठ झाली, कबूल करते.

१७ फेब्रु.

राजा पार्कातून ब्लाउज घेऊन परत येताना रिक्षा वळणावर थांबली. तिथे कोपऱ्यावर सगळ्या गल्लीचा कचरा पडतो. त्यात भुरी उभी. निळी पन्नी, गाठ मारलेली, आत कुणाचा तरी शिळा भात. ती गाठ सोडणार कशी? पन्नीसकट चावत होती. मी रिक्षातून ओरडले, "ए, हट!" रिक्षावाल्याला वाटलं त्यालाच म्हणतेय.

पूर्वी ती ह्या वेळी आमच्या फाटकाशी असायची.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, "गल्लीत घरं काय आपलंच एक आहे?" तेही खरं. पण आम्ही तिघं माणसं खाणारी, पालेभाजी रोज, त्यात मी दर रविवारी मंडळाच्या जेवणाची भाजी निवडणारी. बादली आमचीच भरलेली असायची.

१९ फेब्रु.

का. भाभींशी वाजलं. सुरुवात त्यांनी केली नाही, मीच केली. म्हटलं, गाय पाळायची हौस आहे तर दावणीला बांधून चारा घालावा, धापूला सांगा तुम्ही. त्या म्हणाल्या, "धापू के पास चारा लेने को होता तो छोड़ती क्या?" मी म्हटलं, मग लोकांनी पन्नीत गाठ मारून टाकू नये. म्हणाल्या, "लोग तो डालते रहेंगे. आपने तो जो ठीक था, वो भी बंद कर दिया."

दार लावून घेतलं. मी चांगलं करायला गेले आणि ही बाई मला…

बादली परत बांधली नाही. का नाही बांधली? हट्ट. दुसरं काही नाही.

१ मार्च

दोन दिवस भुरी आली नाही. बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. पोळी ओट्यावर वाळून गेली.

मिनू शाळेतून पळत आली. "आई, भूरी खाली बसलीय आणि तिचं पेट असं…" हाताने केवढं ते दाखवलं. गेले तशीच, पायात स्लीपर. गोठा म्हणजे चार पत्रे आणि एक कडुनिंब. भुरीची डावी कूस फुगून दगड झालेली. डोळे अर्धे मिटलेले. धापूबाई शेजारी बसून तिच्या पाठीवर हात फिरवत होती. "बाईसा, म्हारी भूरी दो दन सूं कांई कोनी खाई." दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. आणि मग, "पेट में बछड़ो भी है."

गाभण आहे हे मला माहीत नव्हतं. रोज बघत होते आणि माहीत नव्हतं.

२ मार्च

ह्यांनी ऑफिसातून ओळख काढून जनावरांचे डॉक्टर आणले. त्यांनी कुशीवर मुठीने दाबून बघितलं. "पॉलिथिन है. खोलना पड़ेगा." धापूने विचारलं, बचेल का. डॉक्टर म्हणाले, पोट न उघडता तर नाहीच. वासराचं आत्ता काही सांगता येत नाही. होळीनंतर लगेच येतो म्हणाले, तोवर तेल आणि औषध.

कांताभाभी तिथेच होत्या. एकमेकींशी बोललो नाही. दोघींनी मिळून तेल पाजलं मात्र, मी जबडा धरला, त्यांनी नळी.

६ मार्च

आज पोट उघडलं.

गाय उभीच होती पूर्ण वेळ. मला वाटलं होतं आडवी करतील. कडुनिंबाला बांधलं, डावी कूस भादरली, सुया दिल्या. धापूने तिची शिंगं धरून ओढणीत तोंड लपवलं. डॉक्टरांनी विचारलं, निघेल ते ठेवायला काही आहे का. मी धावत घरी आले आणि हाताला लागली ती हिरवी बादली घेऊन गेले. तिचीच बादली. रिकामीच पडली होती.

डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आत. बाहेर आला तो गुंता. पन्न्यांचा पीळ, ओल्या दोरखंडासारखा, त्यात सुतळी, चपलेचा पट्टा, एक खिळा. पुन्हा हात आत. पुन्हा गुंता. बादली भरली, डॉक्टर थांबेनात, तेव्हा घमेलं आणलं. "यह एक-दो महीने का नहीं है. बरसों का जमा है," असं म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. म्हणजे माझ्या कूलरमुळे नाही.

आणि मग त्यांनी एक पिशवी उलगडली. कशाला उलगडली कोण जाणे, बहुतेक अक्षरं दिसली म्हणून. रंग गेलेला, पण लाल ठसठशीत अक्षरं अजून तशीच. चष्म्यातून वाचलं त्यांनी, एकेक अक्षर लावत. "खमंग… भडंग… सांगली. यह क्या चीज़ होती है?"

अक्षरं मी लांबूनच ओळखली.

जयपुरात सांगलीचा भडंग आणणारं घर आमचं एकच. भाऊ पाठवतो. मागच्या उन्हाळ्यात एक पिशवी खवट झाली होती, तिला गाठ मारून कोपऱ्यावर टाकून दिली होती मीच. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. आणि दिवाळीत ताटं वाटली तेव्हा का. भाभींनी तीन वेळा नाव विचारून घेतलं होतं, इतका आवडला होता त्यांना.

त्या शेजारीच उभ्या होत्या, त्यांनीही वाचलं. त्यांना देवनागरी येत नाही असं थोडंच आहे. माझ्याकडे बघितलंही नाही. हातातल्या काठीने ती पिशवी बाकीच्या ढिगाखाली ढकलली आणि म्हणाल्या, "डॉक्टर साहब, आप आगे देखिए. टाइम हो रहा है."

लाज वाटली. इतकी की त्या क्षणी भुरीकडेही बघवेना. का. भाभींनी मला सोडवलं आणि मी काय केलं, तर गप्प उभी राहिले.

टाके घातले. गाय उभी आहे. वासराचं माहीत नाही.

७ मार्च

बादली घासली. राखेने, मग साबणाने, मग उन्हात ठेवली. तरी वास जाईना. परत घासली. मिनू म्हणाली, "आई, नवीन आणू ना." मी तिच्यावर खेकसले. नवीन आणायची नाही. काही नवीन आणायचं नाही.

ती मग जवळ येऊन बसली आणि नळाखाली धरून तिनेही घासली.

१२ मार्च

आज इथे बासोडा, शीतळामातेचा सण. चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड खायचं. का. भाभी पहाटेच चाकसूच्या जत्रेला जाऊन आल्या. दुपारी ताट घेऊन आमच्याकडे. बाजरी-ताकाची राबडी, पुऱ्या, गुलगुले. वाजलं त्यानंतर पहिल्यांदा उंबरठा चढल्या.

मी चहा टाकायला उठले तर, "आज चूल्हा नहीं, बहनजी." बसले परत.

दोघी खात बसलो. म्हटलं, भाभी, ती पिशवी… त्यांनी पुरी मोडली, राबडीत बुडवली.

"मेरी भी थीं उसमें," म्हणाल्या. "गुलाबी वाली. साड़ी की दुकान की. मैंने पहचान ली थी. पूरी गली की थीं. आपकी पर नाम लिखा था, बस."

मला रडू आलं. त्या उठून आल्या नाहीत, पाठीवर हातही फिरवला नाही. गुलगुल्याचं ताट माझ्याकडे सरकवलं. बरं केलं.

१४ मार्च

दोघी मिळून कोपऱ्यावर उभ्या राहिलो, सकाळी कचरा टाकायच्या वेळी. भाषण वगैरे नाही. कुणी गाठ मारलेली पन्नी आणली की का. भाभी म्हणायच्या, "भैयाजी, गाँठ खोल दो, पन्नी हमें दे दो." मी पोतं धरून उभी. काहींनी सोडली, काहींनी नाक मुरडलं. एक जण म्हणाला, "सरकार का काम है." का. भाभी म्हणाल्या, "पेट तो गाय का है." बाईच्या तोंडाला लागायचं नाही.

मीच सांगत फिरत होते लोकांनी हे करू नये, ते करू नये. गाठ सोडा, इतकं साधं मागणं मला सुचलं नव्हतं.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. कडुनिंबाचा पाला धापूच्या गोठ्यावरच्या झाडाचा, तिने स्वतः तोडून दिला. पन्हं, श्रीखंड. का. भाभींकडे वाटी.

कूलरचं नवं ठरलं: भुरी खाते ते भुरीचं. मटार, गाजर, कोबी, दुधी, पालेभाजीचे देठ, कलिंगड निघालं की त्याची सालं. कूलरला कांद्याची सालं, चहाची पत्ती, लिंबं, अंड्याची टरफलं, निंबाची पानं. खत हळू होईल. होऊ दे.

सध्या बादली मी गोठ्यावर नेते. दोन वेळा. डॉक्टरांनी थोडंथोडंच द्यायला सांगितलंय. माझ्या हातून खात नाही. धापूने तेच उचलून पुढे केलं की खाते. "जनावर छे, बाईसा, मन में कांई कोनी राखै," धापू म्हणते, मनात काही ठेवत नाही म्हणे. मला तसं वाटत नाही.

२४ मार्च

टाके काढले. डॉक्टरांनी कुशीला कान लावला, हात लावला, म्हणाले, बछडा आहे असं वाटतंय. वाटतंय. इतकंच. वैशाखात कळेल.

ह्यांच्या ऑफिसात बदल्यांची कुजबुज सुरू झालीय. औरंगाबाद म्हणे, नाहीतर इंदूर. दर वर्षी मी ह्या बातमीने मनात डबे भरायला लागते. ह्या वर्षी म्हटलं, वैशाख होऊ द्या आधी. हे हसले. "बँकेला कळवू का, गाय बाळंत होईपर्यंत थांबा म्हणून?" मग हसू थांबवून म्हणाले, "मी बघतो. विचारून बघतो."

२९ मार्च

कूलरच्या तळातलं पहिलं खत काढलं. चाळणीने चाळलं. काळंभोर, भुसभुशीत, पीठ मळायला घेतल्यासारखं वाटलं हाताला. कढीपत्त्याच्या कुंडीला घालणार होते. घातलं नाही. घमेलं उचललं आणि धापूच्या गोठ्यामागे, कुंपणाच्या कडेला खड्डा करून कुंडीतलं कढीपत्त्याचं रोपच जमिनीत लावलं, खत तिथे घातलं. पहिल्यांदाच जमिनीत. धापूने विचारलं, इसको कौन पानी देगा, आप तो चली जाओगी. मी म्हटलं, तू. ती म्हणाली, "कढी में मैं भी घालूंली फेर." ठरलं.

३ एप्रिल

आज भुरीला मोकळं सोडलं. धापू किती दिवस बांधून ठेवणार, घरचा चारा संपला.

मी सकाळपासून फाटकाशी. बादली जुन्या जागी बांधली, सालं कापून बारीक केली होती, वर दुधीची कोवळी सालं ठेवली होती, तिला आवडायची. का. भाभी ओट्यावर, माळ ओढत असल्याचं दाखवत होत्या.

आली. बारीक झालीय. कुशीवरचे केस अजून आखूड, तिथे रेघ दिसते. हळू चालत आली, आमच्या फाटकाशी पोचली. आणि थांबली नाही. बादलीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ पुढे. वळणाकडे, कोपऱ्याकडे.

का. भाभींची माळ थांबली.

मी बादली सोडवली. गाठ हातात येईना, मीच इतकी घट्ट मारली होती. सोडवली आणि तिच्यामागे पळाले, रस्त्यातून, ओरडत. हिंदीत काय म्हणतात ते आठवलंच नाही. "ये गं बाई, ये, ये ना गं, इकडे," असं मराठीत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. माणसं फाटकाशी आली.

कोपऱ्याच्या जरा अलीकडे भुरी थांबली. वळली नाही. एक कान मात्र मागे आला.

मी बादली रस्त्यातच खाली ठेवली आणि मागे सरकून उभी राहिले.